भट्टीवरून हात काढताना

दि. ४ मार्च, मंगळवार

चि. बारक्यास,

दादाचे आशीर्वाद. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच बाजूला टाकशील अशी भीती होती, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला. फसवलं म्हण हवं तर. पण आता फोडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच.

आम्ही दोघं ठीक. वहिनीचा उजवा गुडघा जिने चढायला नाही म्हणतो, उतरायला हो म्हणतो. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं याच्या उलट असतं. ती म्हणाली, मी बहुतेकांसारखी कधी होते? तुझं पोट कसं आहे? अठ्ठावन्न पुरी होतील तुला जूनमध्ये, वजनही तितकंच वाढलं असेल, पण मला तू बारक्याच.

बातमी अशी की मी पुन्हा कामाला लागलोय. हसू नकोस. कारखान्यातच.

म्हणजे भट्टीवर नाही. कॅन्टीनच्या वर जी खोली होती ना, जिथे मोडक्या खुर्च्या आणि जुनी वेष्टनं पडलेली असायची, ती आता साफ केली आहे. तिथे दर शनिवारी दुपारी वर्ग भरतो. तू पॅकिंगला असतोस, तुझ्या कानावर आलं असेलच. कल्याण-अधिकारी म्हणून नवीन बाई आल्यात, माझ्या मुलीपेक्षाही लहान. एक दिवस त्या घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि एकदम म्हणाल्या, “काका, तुम्ही वाचायला कितव्या वर्षी शिकलात?”

मी म्हटलं, “चौथीत शाळा सुटली, तिथवर जेवढं आलं तेवढं विसरलो. परत शिकलो एकेचाळिसाव्या वर्षी, बिस्किटांच्या वेष्टनांवरची छपाई वाचत.”

“मग झालं तर. माणूस वय झाल्यावर कसा शिकतो, ते मला पुस्तकात सापडेना. तुम्ही सांगा.”

त्यांना दोन कार्यक्रम आखायचेत. एक, वर्षभरात जे निवृत्त होणार त्यांच्यासाठी, तयारीचे आठ शनिवार. दुसरा, जे आधीच घरी बसलेत त्यांच्यासाठी, काही ना काही नवीन शिकायचा वर्ग. पहिल्यासाठी मुख्य कचेरीतून एक गुळगुळीत पुस्तिका आलीय. मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं दात दाखवून हसतंय. मी बाईंना विचारलं, हे कोण? त्या म्हणाल्या, निवृत्त लोक. मी म्हटलं, मी पाच वर्षं निवृत्त आहे, असा एकदाही हसलो नाही.

तेव्हा त्या म्हणाल्या, “मग तुम्हीच धडे लिहा.”

आणि बारक्या, मी लिहायला लागलो. मला स्वतःलाच नवल वाटतं. रोज सकाळी वही घेऊन बसतो. एखादी गोष्ट समजली नाही की पूर्वी मला राग यायचा, आता खाज सुटल्यासारखं होतं. ती समजून घेईपर्यंत चैन पडत नाही.

पहिल्या शनिवारचंच बघ. बाईंनी फळ्यावर बारीक, सुंदर अक्षरात लिहिलं. बारा जण होते समोर, सगळे सत्तावन्न-अठ्ठावन्नचे. बाईंनी विचारलं, “दिसतंय ना सगळ्यांना?” बाराही माना डोलल्या. मी मागे बसलो होतो, मला काही दिसत नव्हतं, पण मीही मान डोलावली! मग माझं मलाच कळेना, आपण का डोलावली? उठून पुढे गेलो, फळा पुसला आणि म्हटलं, “आता इथे काय लिहिलं होतं ते कुणी सांगा.” पीठ मळणारा मिक्सरवाला तेवढा म्हणाला, “चांगलंच काहीतरी असणार.”

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, ती मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवली. म्हाताऱ्या माणसाला शिकायचं असतं, पण येत नाही हे कुणाला दिसू द्यायचं नसतं. दोन्ही एकदम कसं जमायचं? म्हणून आता फळा नाही. खुर्च्या गोल. प्रत्येकानं आधी आपल्याला काय येतं ते सांगायचं, मग शेजाऱ्याला एक प्रश्न विचारायचा. वरून कुणी कुणाला शिकवायचं नाही.

दुसऱ्या शनिवारी मी सांगितलं, निवृत्तीनंतरचा तुमचा एक साधा दिवस लिहा, सकाळपासून झोपेपर्यंत. सगळे पेन धरून बसले. कुणी काही लिहीना. शेवटी मिशीवाला ड्रायव्हर म्हणाला, “पण पाळी कुठली?” मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. पस्तीस वर्षं एक आठवडा सकाळपाळी, एक दुपारपाळी, एक रात्रपाळी. साधा दिवस म्हणजे काय हे त्या बाराजणांपैकी एकालाही माहीत नव्हतं! आठ जणांनी तीन-तीन दिवस लिहिले. एकानं तर घरी बसल्यावरची रात्रपाळीसुद्धा लिहिली. पहाटे तीन वाजता चहा.

तिसरा धडा मी असा काढला की प्रत्येकानं कामाच्या दिवशी एक रजा घ्यायची, घरी बसायचं आणि सकाळी अकराला आपल्या घरात काय चालतं ते गुपचूप बघायचं. कसली मदत नाही, सूचना नाही, फक्त बघायचं. ड्रायव्हर पुढच्या शनिवारी तोंड पाडून आला. म्हणाला, “काका, अकरा ते बारा शेजारच्या चौघीजणी आमच्याकडे येतात. हसत असतात. मी खोलीत गेलो, तर गप्प. मी बाहेर गेलो, की परत हसायला सुरुवात. आमच्या घरात माझ्याशिवाय एक अख्खं घर चालतं हो!”

तुमच्या पॅकिंगमधल्या मावशी आहेत ना, त्याही वर्गात आहेत. त्यांनी हात वर केला. “माझा प्रश्न आहे. कारखान्याच्या पाळीतून जूनमध्ये सुटेन. घरच्या पाळीतून कधी सुटायचं, तो धडा कितवा?” बायका हसल्या, पुरुष पायाकडे बघायला लागले. तो धडा मी अजून लिहितोय. वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, “आधी तुम्ही तुमचं ताट उचला, मग लिहा.”

मी लिहितोय खूप, पण मुद्द्यावर येत नाहीये असं तुला वाटेल. येतो.

सहावा धडा अडलाय. त्याला मी नाव दिलंय, “हात काढून घेणं”. म्हणजे इतकी वर्षं केलेलं काम दुसऱ्याच्या हाती देऊन आपण बाजूला कसं व्हायचं. चार वेळा लिहिला आणि चार वेळा फाडला. संध्याकाळी वारा इकडचा असला की आमच्या गॅलरीत अजून बिस्किटांचा वास येतो. पण ते असो.

सोबत दहा प्रश्नांचा कागद जोडलाय. मीच काढलेत. वर्गातल्या सगळ्यांकडून भरून घेतलेत. तू वर्गाला येत नाहीस, तुझ्यावर जबरदस्ती नाही, पण तूही याच जूनमध्ये निवृत्त होतोयस. अभ्यासासाठी म्हणून भर. परतीचं पाकीट तिकिटासह ठेवलंय, म्हणजे सबब नको.

वर्गात सगळे मला विचारतात, तुमचा भाऊ का येत नाही? मी म्हणतो, त्याची तयारी आधीच झालीय.

घरी सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
दादा

* * *

दि. २१ मार्च, शुक्रवार

बारक्या,

तुझा कागद आला. पाकीट फोडायच्या आधी चहा करून प्यालो, खोटं कशाला सांगू.

मी तो तीनदा वाचला. वहिनीलाही वाचून दाखवला, एक उत्तर सोडून. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी काय कराल? “मंगळवारची वाट बघेन.” घरात तुमची खुर्ची कोणती? “स्टुलावर बसतो. खुर्चीवर कपडे असतात.” कोणती गोष्ट शिकायची राहून गेली? “दोन बोटं तोंडात घालून शिट्टी.” वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, भाऊजी अजून तसेच आहेत.

जे वाचून दाखवलं नाही ते सातवं. नोकरीतून घरी काय घेऊन जाल? तू लिहिलंयस, “एक प्रश्न. तो मी तुला दारात विचारून झालाय. पुन्हा विचारणार नाही.”

मी त्या ओळीपाशी बसून राहिलो. चार वर्षं मी जिच्या भोवती फिरत होतो ती गोष्ट तू दीड ओळीत लिहिलीस. आणि मी तुला प्रश्नांचा कागद पाठवला, अभ्यासासाठी! मला काय वाटत होतं कोण जाणे. कदाचित तूच काहीतरी लिहिशील आणि माझी सुटका होईल, असं.

आता मी सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही, म्हणून सरळ सांगतो.

मी निवृत्त झालो आणि भट्टी तुझ्याकडे आली, याचा मला आनंद झाला होता. खरंच झाला होता. आमच्या घरातच राहिली, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. पण ती माझ्याकडून गेली होती हे मला कळलंच नाही. आठवतं ना, पहिले दोन महिने मी रोज यायचो? तू म्हणायचास, “दादा, चहा घे.” मी चहा घ्यायचो आणि तुझ्यामागे उभा राहून म्हणायचो, “भट्टीच्या तिसऱ्या भागात आच जरा जास्त वाटतेय.” तू आच कमी-जास्त करायचं चाक इवलंसं फिरवल्यासारखं करायचास. मग मुख्य फाटकावर कागद लागला, बाहेरच्या माणसांना आत मनाई. तो कुणासाठी लागलाय हे अख्ख्या कारखान्याला माहीत होतं, एक मला सोडून. तेव्हापासून मी मागच्या फाटकानं यायला लागलो.

त्या दिवशी दुपारी मी गॅलरीत होतो. वारा इकडचा होता. वास आला आणि मी ताडकन उठलो. करपतंय! छत्तीस वर्षं तो वास ओळखण्यासाठीच मला पगार मिळाला होता. चपला कशा घातल्या ते आठवत नाही. मागच्या फाटकावर वॉचमन म्हणाला, “काका, आता नको हो.” मी म्हटलं, “दोन मिनिटं.”

तू जेवायला गेला होतास. दुसरा माणूस दोनशे फूट पलीकडे, पीठ आत जातं त्या टोकाला. मी बाहेर येणाऱ्या पट्ट्यावरची बिस्किटं पाहिली. काळपट. मला दुसरं काही सुचलं नाही. शेवटच्या दोन भागांची चाकं दीड-दीड फेरा कमी केली, सवयीनं फडक्यानं पुसली आणि तसाच मागच्या फाटकानं बाहेर पडलो. घरी येऊन वहिनीला म्हटलं, “आज बारक्याचा माल वाचवला.” किती ताठ मानेनं म्हटलं होतं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

तिथे पाटी होती, बारक्या. दोरीनं लटकवलेली, हाताएवढ्या अक्षरात. नवीन माल, कोको आणि भाजकी साखर. काळं दिसायलाच हवं होतं ते. वासही तसाच यायला हवा होता. एकेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकलो म्हणून मी जगाला सांगत फिरतो, आणि त्या दिवशी एक पाटी वाचायला थांबलो नाही. नाकाला सगळं माहीत होतं ना! माल मुळातच काळा, त्यामुळे कच्चा राहिलाय हे रंगावरून तुलाही कळणं शक्य नव्हतं. अख्ख्या पाळीचा माल पुड्यांत जाऊन मऊ पडला.

त्या संध्याकाळी तू आलास. आत आला नाहीस, दारातच उभा राहिलास. वहिनीनं पाणी आणलं. तू विचारलंस, “दादा, आज तू आला होतास का?”

मी म्हटलं, “मी? नाही बुवा. मी कशाला येतोय?”

तू पाणी प्यायलास, पेला वहिनीच्या हातात दिलास आणि जिना उतरून गेलास.

चौकशीत तू सांगितलंस की चाकांना मी हात लावला नाही. कुणी ऐकलं नाही. भट्टीवरच्या माणसानं भट्टी सोडून जेवायला जाऊन आल्यावर चाकं न तपासणं, हाच गुन्हा धरला. तुला पॅकिंगला टाकलं, खोकी चिकटवायला. चार वर्षं. सतरा वर्षं भट्टी शिकलेला माणूस.

मी स्वतःला काय सांगितलं तेही सांगतो, कारण आता मला त्याचंच कुतूहल वाटतं, माणूस स्वतःशी इतकं बेमालूम कसं खोटं बोलतो! मी म्हटलं, मी बोललो तर वॉचमनची नोकरी जाईल. बरोबरच होतं, गेली असती. ते कारण मी तीन वर्षं पांघरून घेतलं. मग मागच्या वर्षी वॉचमन निवृत्त होऊन आपल्या मुलाकडे निघून गेला. कारण गेलं, तरी मी गप्पच. मग म्हटलं, आता इतकी वर्षं झाली, बारक्या विसरला असेल. मग म्हटलं, त्याला पॅकिंग बरं, उष्णता तरी नाही. असली एकेक कारणं मी रचत गेलो, आणि प्रत्येक वेळी मला ती खरी वाटली.

वहिनीला त्या संध्याकाळीच कळलं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी सगळं बोलते, तेवढं एक सोडून. मागच्या पत्राच्या वेळी पाकिटावर तुझा पत्ता लिहून दे म्हटलं, तर तिनं विचारलं, “आत काय आहे?” मी म्हटलं, प्रश्नांचा कागद. ती म्हणाली, “तुम्हीही एक भरा.”

आज सकाळी मी कारखान्याच्या मॅनेजरना पत्र लिहून दिलं. वरचं सगळं त्यात आहे, तुझ्या जेवणाच्या वेळेपासून दीड फेऱ्यापर्यंत. त्याची नक्कल सोबत जोडलीय. नंतर कल्याण-अधिकारी बाईंकडे गेलो. त्यांनी वाचलं, कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, “काका, हा वर्ग तुमच्याकडून काढून घ्यायला सांगतील कदाचित.” मी म्हटलं, “घेऊ द्या. पण सहाव्या धड्यापर्यंत थांबायला सांगा.”

मार्चअखेरच्या हिशेबांच्या घाईमुळे वर्ग तीन शनिवार बंद आहे, म्हणून सहाव्या धड्याचा शनिवार आता पाच एप्रिलचा. मी तो आता लिहिणार नाही, हेच सांगणार आहे, सगळ्यांसमोर. तुझी परवानगी हवी, कारण गोष्ट तुझीही आहे. नाव घेऊ नको म्हणालास तर “माझा भाऊ” म्हणेन, पण कारखान्यात माझा दुसरा भाऊ नाही. सांगूच नको म्हणालास, तर सांगणार नाही. मॅनेजरना दिलेलं पत्र मात्र परत घेणार नाही, ते तू रागावलास तरी.

तुझ्या सातव्या उत्तराला माझं उत्तर: हो. आलो होतो.

तुझाच,
दादा

* * *

दि. ७ एप्रिल, सोमवार

प्रिय बारक्या,

तुझं उत्तर आलं नाही. शनिवारी दुपारी दोनपर्यंत पोस्टमनची वाट पाहिली, मग निघालो. नाही म्हणाला नाहीस, एवढ्याच आधारावर.

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बारा जण, बाई आणि मी. तुझी रिकामी खुर्ची बाईंनी मुद्दाम ठेवली होती का, ते मी विचारलं नाही. मी बसूनच सांगितलं. उभं राहून सांगितलं असतं तर भाषण झालं असतं. गॅलरीपासून सुरुवात केली आणि दारातल्या पाण्याच्या पेल्यापाशी थांबलो.

संपल्यावर पहिला बोलला तो मिक्सरवाला. “किती फेरे कमी केलेत म्हणालात?”

“दीड-दीड.”

“दोन्ही भागांत?”

“हो.”

“मग गेलंच ते,” तो म्हणाला आणि मान हलवत बसला. मला त्या क्षणी त्याचा आधारच वाटला. निदान कुणीतरी कामाचं बोललं.

ड्रायव्हर म्हणाला, “काका, ते सगळं राहू द्या. पण मग हात काढून घ्यायचा कसा, ते सांगा ना. मला जुलैत गाडीची चावी द्यायचीय.”

मी म्हटलं, “मला येत नाही. येत असतं तर हे झालं नसतं.”

बारक्या, पाच शनिवार झाले, त्या खोलीत “मला येत नाही” असं कुणी एकदाही म्हटलं नव्हतं. मी नाही, त्यांनी नाही. आणि त्यानंतर जे सुरू झालं ते मला थांबवता आलं नसतं. ड्रायव्हर म्हणाला, नवीन मुलाला मी अजून सांगितलं नाही की दुसऱ्या गिअरला गाडी अडकते, क्लच पूर्ण दाबून जरा थांबावं लागतं. का नाही सांगितलं? तर तो अडला की मला हाक मारतो, बरं वाटतं. मिक्सरवाल्यानं कबूल केलं की हवा दमट असली की पाणी किती कमी घालायचं ते त्यानं एका डायरीत लिहून ठेवलंय, आणि ती डायरी तो घरी नेतो. “जाताना घेऊन जाणार होतो,” म्हणाला. “कशासाठी, ते मलाही माहीत नाही.” बाई भराभर लिहून घेत होत्या. मग लिहायच्या थांबल्या आणि नुसत्या ऐकायला लागल्या. पुस्तिकेत हे कुठेच नाही, असं म्हणाल्या.

आम्ही ठरवलं की सहाव्या धड्याचा गृहपाठ हाच. निवृत्तीच्या आधी आपण लपवून ठेवलेली एक गोष्ट आपल्या जागी येणाऱ्याला शिकवायची. मग त्यानं ती आपल्यासमोर करायची, आणि आपण हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. करून बघ, किती अवघड आहे ते. मी घरी सराव केला. वहिनी पोळ्या लाटत होती, मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो, काहीही न बोलता. दोन मिनिटांत ती म्हणाली, “काय झालंय तुम्हाला? बरं नाही का?”

पण शनिवारी मावशी शेवटपर्यंत थांबल्या होत्या. निघायच्या वेळी त्या माझ्यापाशी आल्या. त्यांचा आवाज तुला माहीत आहे, कुजबुजला तरी खाली कॅन्टीनमध्ये जातो.

“चार वर्षं तुमचा भाऊ माझ्या शेजारी बसून खोकी चिकटवतोय. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

मी म्हटलं, “काय माहीत आहे?”

“चाकं पुसलेली होती. सगळ्या भट्टीवर पिठाची धूळ, आणि ती दोन चाकं लख्ख. ‘अशी चाकं आमचा दादाच पुसतो,’ असं तो मला म्हणाला होता. एकदाच म्हणाला. परत कधी तुमचं नाव काढलं नाही, ना चांगलं, ना वाईट.”

म्हणजे तू दारात आलास तेव्हा तुला ठाऊक होतं. तू चौकशी करायला आला नव्हतास, मला संधी द्यायला आला होतास. आणि नंतर साहेबांसमोर एका शब्दानं हे बाहेर काढलं असतंस तर भट्टी तुझी राहिली असती. तू नाही काढलंस. मला विचारायचंय का ते, पण ते विचारायचा हक्क मला आहे की नाही, हे कळत नाही.

आज सकाळी मॅनेजरनी बोलावलं. माझं पत्र तुझ्या फायलीत लावलंय आणि आधीचा शेरा त्यांनी रद्द केलाय. मला मात्र कारखान्याच्या आत, वर्गाची खोली सोडून, पाऊल टाकायला मनाई केलीय. बरोबर आहे. पाच वर्षांपूर्वीच हवी होती ती. तुझ्याबद्दल म्हणाले, जूनपर्यंत त्यांना परत भट्टीवर घ्यायची आमची तयारी होती, पण ते नको म्हणाले.

मला बरं वाटेना ते ऐकून. बाहेर आलो तर मावशी कॅन्टीनच्या जिन्यात भेटल्या. त्यांना मी विचारलं, त्यानं नको का म्हटलं हो? तर त्या म्हणाल्या, तो म्हणतो, “भट्टीवर आता जो आहे त्याचा हात बसलाय. तीन महिन्यांसाठी त्याला उठवून मी तिथे उभा राहू? हे करताना मी एकाला बघितलंय.”

सहा शनिवार मी ज्यासाठी डोकं फोडतोय, ते तुला येतं. कधी शिकलास? खोकी चिकटवताना? माझ्याकडे बघून? राग आलेला असताना माणूस असं काही शिकू शकतो का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

मग मावशींनी तुझा निरोप सांगितला. जाताना सांगितला, जणू आत्ता आठवला. “दादाला सांगा, धडा अर्धाच झालाय. काम देणारा बोलला. ज्याला दिलं त्याचं कुणी ऐकलं नाही. उरलेला अर्धा मी सांगतो, येत्या शनिवारी.”

मी बाईंना लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, सातवा धडा मग पुढे ढकलूया. मी म्हटलं, ढकला.

तू ये. तू सांगशील ते मऊ करून सांगू नकोस, माझं वय बघू नकोस. मी रोज चहा पिऊन तुझ्यामागे उभा राहायचो तेव्हा तुझ्या पाठीला काय वाटायचं, तेही सांग. इवलंसं फिरवल्यासारखं करायचास ते चाक खरंच फिरायचं का, तेही सांग. मी मध्ये बोलणार नाही. कबूल करतो, मला ते अवघड जाईल.

वहिनी म्हणते, भाऊजींना सांगा, वर्गानंतर जेवायला घरी या. मी म्हटलं, मी नाही सांगणार, तू फोन कर. तिनं केला. तू उचललास म्हणे.

शनिवारी दुपारी अडीच वाजता तुझ्यासमोर बसणारा,
दादा